बिऱ्हाड कोठे थाटावे?

गेल्या दिवाळीनंतर माझ्या पुतण्याच्या पुण्यातील बिऱ्हाडी चार दिवस मुक्कामास होतो, तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेल्या कालनिर्णयाकडे माझे सहज लक्ष गेले. तारखांच्या ज्या चौकोनांत दुधाचा हिशेब मांडण्याची आपल्याकडे रीत आहे, त्या चौकोनांत बारीक अक्षरांत ‘अर्धा’, ‘अर्धा’ अशी ओळीच्या ओळी नोंद होती. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मात्र, व त्यांस लागून येणाऱ्या रविवारी, ‘एक’ असे लिहिले होते. आणि एका आठवड्यात बुधवारपासून रविवारपर्यंत ‘नाही’ हाच शब्द पाच वेळा आला होता. हिशेब दुधाचा खरा, पण त्यावरून एका संसाराचे वेळापत्रक वाचता येत होते. पुतण्या नागपूरला एका बँकेत अधिकारी आहे आणि त्याची पत्नी पुण्यात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. बँकांना दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुटी असल्यामुळे शुक्रवारी रात्री तो नागपूरहून निघतो, शनिवारी सकाळी घरी पोहोचतो, आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा खांद्याला पिशवी अडकवून सोमवारच्या हजेरीसाठी रवाना होतो. ज्या आठवड्यात पाच दिवस ‘नाही’ लिहिले होते, त्या आठवड्यात सूनबाईच नागपूरला गेली होती.

“काका, आमचं यावरून भांडण नाही,” चहाचा कप पुढे ठेवताना ती म्हणाली, “पण घरात कुठलंही कार्य निघालं की कोणीतरी विचारतंच, आता कायमचं एकत्र कधी येणार? आणि विचारताना सगळे माझ्याकडेच बघतात.”

तिच्या या शेवटच्या वाक्यात सगळी हकिकत आली. पतिपत्नींनी कोणत्या गावी राहावे, हा प्रश्न वरवर पाहता घराचा, भाड्याचा, रेल्वेच्या आरक्षणाचा आणि रजेच्या अर्जाचा दिसतो. परंतु प्रश्न विचारताना नजर जिच्याकडे वळते, तिच्यापुरता त्याचा निकाल विचारण्यापूर्वीच लागलेला असतो. दोघांच्याही नोकऱ्या खऱ्या, दोघांचेही शिक्षण सारख्याच कष्टाचे, आणि तरीही हालायचे कोणी याविषयी समाजाच्या मनात शंका नाही, अशा अवस्थेत निर्णय घ्यावयाचा म्हणजे काय, याचा थोडा स्वस्थपणे विचार करावा म्हणून हे लिहीत आहे.

पतिपत्नींनी दोन गावी राहणे महाराष्ट्रास नवे नाही. पुरुष मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत चाकरीस, बायको, मुले आणि म्हातारी माणसे गावी, महिन्याकाठी येणारी मनिऑर्डर, आणि गणपतीला व शिमग्याला चार दिवसांचे आगमन, या क्रमात कोकणातील घराघरांच्या पिढ्या गेल्या. ‘चाकरमानी’ हा शब्द ज्या जिव्हाळ्याने तेथे उच्चारला जातो, त्या जिव्हाळ्यात वाट पाहण्याचा वाटा मोठा आहे. गिरणगावातील एकेका खोलीत अनेक गडी पाळीपाळीने पथारी पसरीत आणि खानावळ चालविणाऱ्या बायांच्या हातचे जेवीत. त्या बायांना सावकाराच्या कर्जातून सोडविण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, यावरून त्या एकेकट्या पुरुषांच्या जगाचा विस्तार केवढा होता याची कल्पना येते. परंतु त्या व्यवस्थेत ‘कोठे राहावे’ हा प्रश्न उद्भवतच नसे. पगार एकाचाच, आणि तो मुंबईत. शेत, गोठा व देवघर गावी. गावी राहिलेली स्त्री भाताची लावणी करी, गुरे सांभाळी, सासूसासऱ्यांची सेवा करी, पण त्या कामास हुद्दा नव्हता, वेतन नव्हते, बदलीचा हुकूम नव्हता. म्हणून तराजूच्या दुसऱ्या पारड्यात ते कोणी ठेवले नाही.

याच्या उलट उदाहरणेही आपल्याकडे झाली, पण ती इतिहासात नोंदविली जाण्याइतकी दुर्मिळ. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी फिलाडेल्फियास गेल्या तेव्हा त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्याच्या नोकरीसाठी इकडेच राहिले, आणि पुढची काही वर्षे तो संसार पत्रांवर चालला. स्त्रीने पुढे जावे आणि पुरुषाने मागे राहावे, ही गोष्ट त्या काळी अद्भुत वाटली, आणि प्रामाणिकपणे बोलायचे तर आजही अनेक घरांत ती अद्भुतच वाटते. २०११ च्या जनगणनेत देशातील पंचेचाळीस कोटींहून अधिक माणसे जन्मगावाहून किंवा आधीच्या वास्तव्याच्या ठिकाणाहून दुसरीकडे गेलेली आढळली, आणि त्यांतील स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हे होते. स्त्रीने लग्न करून पतीच्या गावी जावे हा इतका जुना शिरस्ता आहे, की तिची नोकरी त्या गावी नाही ही गोष्ट शिरस्त्यातील अडचण न मानता तिच्या नोकरीतील वैगुण्य मानली जाते.

कायद्याची या बाबतीतील वाटचाल पाहण्यासारखी आहे. नांदण्यास येण्यासाठी न्यायालयाचा हुकूम मागण्याची तरतूद आपल्या धर्मशास्त्रांतून आलेली नाही; ती इंग्लंडातील चर्चच्या न्यायालयांतून येथे आली. तिचा पहिला मोठा आघात महाराष्ट्राने पाहिला तो रखमाबाईंच्या खटल्यात. १८८४ साली पतीने दावा लावला, १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि १८८७ साली पतीच्या घरी जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तुरुंग पत्करीन पण जाणार नाही, अशी भूमिका त्या तरुण स्त्रीने घेतली. १८८८ साली तडजोड झाली, आणि पुढे त्या डॉक्टर होऊन सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा करीत राहिल्या. तो प्रश्न नोकरीचा नव्हता, बालपणी लावलेल्या लग्नाचा होता. परंतु स्त्रीने कोठे राहावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा त्याच्या मुळाशी असलेला सवाल आजही मिटलेला नाही. इंग्लंडाने ही तरतूद १९७० साली रद्द केली. आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये ती अद्याप आहे.

याच कलमाखाली पुढे दोन निकाल एका वर्षाच्या अंतराने झाले, आणि ते शेजारी शेजारी ठेवून वाचले की या विषयाचा सारा गुंता उलगडतो. दोन्ही खटल्यांतील स्त्रिया पंजाबात शिक्षिका होत्या, आणि दोघींचीही लग्ने १९६४ साली झालेली होती. पहिलीची शाळा एका गावी व पतीची शाळा दुसऱ्या गावी. १९७७ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने असे ठरविले, की वैवाहिक घर कोठे असावे हे ठरविण्याचा अधिकार पतीचा, आणि पत्नीने नोकरीसाठी एकतर्फी वेगळे राहणे म्हणजे पतीच्या सहवासातून निघून जाणे होय. दुसरी स्त्री सुनाम येथे १९५६ पासून नोकरीत होती व मुख्याध्यापिकेच्या हुद्द्यावर होती. तिचा पती दिल्लीत होता व त्याचे उत्पन्न तिच्याहून कमी होते. १९७८ साली दिल्ली उच्च न्यायालयात न्यायमूर्ती देशपांडे यांनी तिच्या बाजूने निकाल देताना म्हटले, की वैवाहिक घराची जागा ठरविण्याचा अनन्य अधिकार पतीस देणारा कोणताही कायदा नाही; दोघेही कमावते असतील तर ती जागा परस्परसंमतीने, दोघांच्या सोयीचा व नोकऱ्यांच्या दर्जाचा विचार करून ठरावी. राज्यघटनेतील समतेच्या कलमाचा त्या निकालास आधार होता. नवऱ्याची नोकरी जेथे तेथे घर, हे सूत्र कायद्याने अटळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा दुसरा निकाल जरूर लक्षात ठेवावा.

सरकारी नोकरांच्या बाबतीत राज्यकर्त्यांनी हा प्रश्न पूर्वीच ओळखला, ही नमूद करण्याजोगी गोष्ट आहे. केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने ३ एप्रिल १९८६ रोजी एक ज्ञापन काढून पतिपत्नींस शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे असे सर्व खात्यांस कळविले. १९९७ साली मुले दहा वर्षांची होईपर्यंत याची विशेष काळजी घ्यावी असे सांगितले गेले, आणि २००९ साली ही मर्यादा अठरा वर्षांपर्यंत नेण्यात आली. आपल्या राज्यात जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा शब्दप्रयोग तर इतका रुळला आहे, की शिक्षकांच्या खोलीत त्याचा उल्लेख नुसता ‘संवर्ग दोन’ असा होतो. २०१७ च्या शासननिर्णयाप्रमाणे पतिपत्नींच्या शाळांतील अंतर तीस किलोमीटरांहून अधिक असेल, तर त्यांना या विशेष संवर्गातून बदली मागता येऊ लागली. तीस किलोमीटर हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो. पण ज्या शिक्षिकेने घाटातल्या वस्तीवरील शाळेपर्यंत पावसाळ्यात दुचाकीने प्रवास केला आहे, तिला त्यातील प्रत्येक किलोमीटर ठाऊक असतो.

या व्यवस्थेचीही एक दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. एका जोडप्याला जवळ आणण्यासाठी ज्या शाळेतील जागा द्यावी लागते, त्या जागेवर आधीच कोणीतरी शिकवीत असते. त्याला उठावे लागते, यालाच शिक्षक ‘खो बसला’ असे म्हणतात. बदली एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात मागितली तर अडचण आणखी वाढते, कारण नव्या जिल्हा परिषदेत ज्येष्ठतायादीच्या शेवटी नाव लागते, आणि पंधरा वर्षांची नोकरी झालेला माणूस पदोन्नतीच्या रांगेत काल रुजू झालेल्याच्या मागे उभा राहतो. म्हणून पुष्कळ जण ‘आपसी बदली’चा मार्ग धरतात, आपल्याला जो जिल्हा हवा तेथून आपल्या जिल्ह्यात येऊ इच्छिणारा त्याच संवर्गातील माणूस शोधायचा, आणि दोघांनी मिळून अर्ज करायचा. असा जोडीदार मिळावा म्हणून वर्षानुवर्षे मोबाइलवरच्या गटांत संदेश टाकणारी माणसे मी पाहिली आहेत; आणि संसारातील जोडीदाराजवळ जाण्यासाठी बदलीतील जोडीदार शोधावा लागावा, यातील तळमळ त्या दोन ओळींच्या संदेशातूनही जाणवते.

मात्र ही ज्ञापने आणि हे निर्णय म्हणजे हक्क नव्हेत, हे प्रत्येक दांपत्याने प्रथमपासून जाणून असावे. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे शिलाँगहून गढवालमधील पौडी येथे बदली झालेल्या एका अधिकाऱ्याचे प्रकरण आले. त्याची पत्नीही शिलाँगमध्येच केंद्र सरकारच्या नोकरीत होती. बदली हा नोकरीचाच भाग आहे आणि मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ नाही, असे न्यायालयाने सांगितले. पुढे जवळपास तीन दशकांनी, १० मार्च २०२२ रोजी, केंद्रीय अप्रत्यक्ष कर खात्यातील बदल्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने खात्याचे धोरण कायम ठेवले, परंतु कौटुंबिक जीवन हा माणसाच्या प्रतिष्ठेचा व खाजगीपणाचा भाग आहे, धोरण आखताना सरकारने त्याची बूज राखली पाहिजे, असे स्पष्टपणे नमूद करून पतिपत्नींच्या नेमणुकांचा फेरविचार करण्यास खात्याला वाव ठेवला. थोडक्यात, दरखास्त जरूर करावी, पण ती मंजूर होईलच असे गृहीत धरून घराचा पाया घालू नये.

खाजगी नोकरीत तर असले ज्ञापनही नाही; तेथे निर्णय बाजार करतो. १९७८ साली, म्हणजे योगायोगाने दिल्लीच्या त्या निकालाच्याच वर्षी, जेकब मिन्सर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने कुटुंबाच्या स्थलांतरावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे साधे, पण दूरवर पोहोचणारे होते. कुटुंब गाव बदलते तेव्हा दोघांची मिळून बेरीज वाढली तरी एकाचे वैयक्तिक नुकसान होऊ शकते. एकटा असता तर जो निघाला नसता तो जोडीदारासाठी निघतो, आणि एकटा असता तर जो निघाला असता तो जोडीदारासाठी थांबतो. पहिल्याला बांधील प्रवासी म्हणावे आणि दुसऱ्याला बांधील रहिवासी. या बंधनातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे दोघांनाही काम मिळेल एवढे मोठे शहर गाठणे. अमेरिकेत १९४० साली पदवीधर दांपत्यांपैकी ३२ टक्के मोठ्या महानगरांत राहत होती, १९९० साली हे प्रमाण ५० टक्क्यांवर गेले, असे डोरा कॉस्टा आणि मॅथ्यू कान यांनी २००० साली दाखवून दिले. आपल्याकडे पुणे, मुंबई व बंगळूर या शहरांकडे सुशिक्षित तरुण जोडपी का लोटतात, याचे एक उत्तर त्यात आहे. आणि सोलापूर, अमरावती, लातूर यांसारख्या शहरांतून निष्णात डॉक्टर, प्राध्यापक वा अभियंते का टिकत नाहीत, याचेही. गावात एकाला चांगली जागा देऊन भागत नाही, दुसऱ्यालाही द्यावी लागते, ही गोष्ट ज्या दिवशी आपल्या नगरपालिका, विद्यापीठे आणि कारखानदार ध्यानात घेतील, त्या दिवशी महानगरांवरील भारही थोडा हलका होईल.

आता प्रत्यक्ष दांपत्यापुढे जे मार्ग असतात, त्यांचा हिशेब पाहू. मधले गाव निवडावे, ही सूचना वडीलधारी मंडळी फार उत्साहाने करतात, आणि मुंबई व पुणे यांच्या बाबतीत ती शक्यही आहे. लोणावळा, तळेगाव, पनवेल येथे अशी कित्येक बिऱ्हाडे आहेत. परंतु रोजचा प्रवास किती खातो हे आधी मोजावे. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी आजही पास काढून रोज ये-जा करणाऱ्यांची गाडी आहे. वेळापत्रकाप्रमाणे ती पुण्याहून सकाळी ७.१५ वाजता सुटते आणि परतीला रात्री ८.२५ वाजता पुण्यास पोहोचते. घर ते स्थानक हे अंतर सोडले तरी माणूस तेरा तास बाहेर. या गाडीत वाढदिवस साजरे होतात, भजने होतात, जन्माच्या मैत्री जुळतात, हे सारे खरे. पण झोपलेल्या लेकराचा चेहरा पाहून निघणारा आणि झोपलेल्या लेकराचाच चेहरा पाहण्यास परतणारा माणूस एकत्र राहतो असे म्हणताना जीभ अडखळते. पुणे आणि नागपूर यांमध्ये तर मधले गाव म्हणून निवडावे असे ठिकाणच नाही.

दुसरा मार्ग दोन बिऱ्हाडांचा. त्यात दोन भाडी, दोन अनामत रकमा, दोन गॅसजोडण्या, दोन कपाटे आणि लोणच्याच्या दोन बरण्या. शिवाय रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी मिळू लागल्यामुळे, दोन महिन्यांनंतरच्या शुक्रवारसाठी सकाळी आठ वाजता मोबाइल घेऊन बसणे हेही आले. परंतु याची तुलना करताना लोक एक मोठी चूक करतात. ते दोन बिऱ्हाडांचा खर्च एका पारड्यात घालतात, आणि दुसऱ्या पारड्यात नोकरी सोडणाऱ्याचा त्या एका वर्षाचा पगार. वास्तविक दुसऱ्या पारड्यात पुढच्या सर्व वर्षांचा पगार, भविष्यनिर्वाह निधी, सेवाज्येष्ठता, अनुभवाचा दाखला, आणि पुन्हा नोकरीत येण्याच्या संधीची शक्यता किती, हे सारे घातले पाहिजे. अर्थशास्त्राचे २०२३ चे नोबेल पारितोषिक ज्यांना मिळाले, त्या क्लॉडिया गोल्डिन यांच्या संशोधनाचा एक निष्कर्ष असा आहे, की आजच्या काळात स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतील तफावत बव्हंशी पहिल्या अपत्याच्या जन्मानंतर, एकाच व्यवसायातील स्त्री-पुरुषांत पडते. ‘थोडे दिवस सोड, पुढे पाहू’ असे आपण ज्या घडीला म्हणतो, ती नेमकी हीच घडी असते.

तिसरा मार्ग घरून काम करण्याचा. मार्च २०२० नंतरच्या दोन वर्षांत अनेक जोडप्यांनी लग्नानंतर प्रथमच अखंड सहवास अनुभवला, आणि दूर राहूनही काम होऊ शकते हे सिद्ध झाले. परंतु ही सवलत संगणकावरील कामापुरती आहे. रुग्णालयातील परिचारिकेला, बँकेच्या शाखाधिकाऱ्याला, शाळेतील शिक्षकाला ती नाही. आणि जेथे ती आहे तेथेही ती कंपनीच्या मर्जीवर अवलंबून असते. कार्यालयात परत या, असे पत्र आले की त्या सवलतीच्या भरवशावर गावी बांधलेले घर एका दिवसात अडचणीचे होते. म्हणून तिचा लाभ घ्यावा, पण तिला कायमची व्यवस्था समजू नये.

आणि या सर्व हिशेबात न मावणाऱ्या दोन गोष्टी आहेत: मुले आणि वृद्ध आईवडील. मूल झाले की दोन गावांचा संसार दोन समान भागांत राहत नाही. मूल ज्याच्याजवळ, त्याच्यावर ताप, शाळा, लसीकरण, पालकसभा आणि रात्रीची जागरणे यांचा सगळा भार पडतो, आणि दुसऱ्याच्या वाट्याला भेटींचा आनंद येतो. त्या आनंदालाही व्यथेची किनार असतेच. पंधरा दिवसांनी आलेल्या वडिलांकडे लेकरू पहिली दहा मिनिटे आईच्या पदराआडून पाहते, तेव्हा त्या दहा मिनिटांत वडिलांच्या मनात काय होते, हे ज्याने भोगले त्यानेच सांगावे. मी स्वतः नोकरीच्या आरंभी तीन वर्षे पत्नीपासून दूरच्या जिल्ह्यात होतो, आणि माझी मुलगी मला प्रथम ‘पाहुणे’ समजत असे. त्या तीन वर्षांत मी एकदाही पत्नीला विचारले नाही, की मी येऊ का तुझ्या गावी. तीही शाळेत शिकवीत होती. शेवटी तिने बदली मागून घेतली, पदोन्नती चार वर्षे मागे पडली, आणि ते सर्व इतक्या शांतपणे झाले की त्यात काही निर्णय झाला आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. या विषयावर लिहावे असे जे मनापासून वाटले, त्याला हे न विचारलेले वाक्यही कारण आहे.

म्हणून मला जे सांगायचे आहे ते एवढेच: बिऱ्हाड कोठे थाटावे याचा निर्णय कायमचा म्हणून घेऊ नये, मुदतीचा म्हणून घ्यावा. आयुष्यभराचा निर्णय मागितला की माणसे भितात, आणि भ्यालेली माणसे जुन्या शिरस्त्याच्या आश्रयाला जातात. परंतु दोन वर्षांपुरते काय करू, असा प्रश्न केला की दोघांनाही मोकळेपणाने बोलता येते. या मुदतीत एकाने जोडीदाराच्या सोयीसाठी पाऊल मागे घेतले असेल, तर पुढच्या मुदतीत पहिली पाळी त्याची, हे आधीच मान्य असावे. उपकार म्हणून केलेल्या त्यागाची परतफेड होत नाही. त्याचा कोठे तरी मनात साठा होत जातो. पाळी म्हणून केलेल्या त्यागाला मात्र हिशेब असतो आणि शेवटही असतो.

पुतण्याच्या घरी मी याविषयी बोललो, तेव्हा सूनबाईने कपाटातून वहीचे एक पान काढून माझ्यापुढे ठेवले. लग्नानंतर सहा महिन्यांनी दोघांनी मिळून ते लिहिले होते. त्यात पाच कलमे होती. दोन गावी राहण्याची मुदत कोणत्या मार्चअखेरपर्यंत, हे पहिले. तोपर्यंत त्याने दरवर्षी पुण्याच्या बदलीचा अर्ज करायचा आणि तिने नागपूरच्या महाविद्यालयांतील जागांसाठी अर्ज करीत राहायचे, ज्याचे काम आधी होईल तो हालेल, हे दुसरे. प्रवासाचा खर्च सामाईक खात्यातून, कोणीही गेले तरी, हे तिसरे. कायमचे ठिकाण ठरेपर्यंत कर्ज काढून कोठेही घर घ्यायचे नाही, हे चौथे. आणि घरात कोणाचे आजारपण निघाले तर पहिल्या खेपेस रजा त्याने टाकायची व दुसऱ्या खेपेस तिने, मग ते आईवडील कोणाचेही असोत, हे पाचवे. खाली दोघांच्या सह्या होत्या. न्यायालयात या कागदाची किंमत शून्य आहे, हे दोघांनाही ठाऊक आहे. पण घरी कोणी ‘आता कायमचं एकत्र कधी येणार’ असे विचारले, तर उत्तर आता दोघांनी मिळून द्यायचे आहे, ही गोष्ट त्या कागदाने पक्की केली आहे.

वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जात ‘नोकरीचे ठिकाण’ असा एक रकाना असतो. मुलाच्या अर्जात तो भरलेला असला की त्याची स्थिरता म्हणून नोंद होते, आणि मुलीच्या अर्जात भरलेला असला की अडचण म्हणून. ज्यांच्या घरी लग्नाची मुलेमुली आहेत, त्या आईवडिलांना माझी विनंती आहे, की दोन्ही अर्जांतील तो रकाना सारख्याच गांभीर्याने वाचावा. आणि ज्यांचे लग्न ठरत आहे त्यांना सांगणे आहे, की दागिन्यांची यादी करण्यापूर्वी एकदा समोरासमोर बसून विचारावे: पहिली दोन वर्षे कोठे राहायचे, आणि त्यानंतर पाळी कोणाची? हे विचारण्यास संकोच वाटेल, पण तो एका संध्याकाळचाच असतो. न विचारल्याचा पश्चात्ताप मी चाळीस वर्षे जवळून पाहिला आहे.